उंबऱ्यावरचं ताक

वेलचेरी, चेन्नई
३ जून २०२४

चि. क्षमा,

आशीर्वाद. या पत्राला फोनवर उत्तर देऊ नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू इंग्रजीत बोलतेस. कागदावर लिही, म्हणजे मला दोनदा वाचता येतं आणि तुलाही लिहिण्याआधी विचार करावा लागतो.

रेल्वेच्या तक्रार विभागात मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तक्रारींना उत्तरं दिली. आता माझी पाळी. तक्रार एका डॉक्टरबद्दल आहे.

अक्कांचे सांधे पार गेले. तुझ्या काकांच्या या थोरल्या बहिणीला तू एखाद्या लग्नात पाहिलं असशील, तेव्हा त्या कोणाच्याही हातून ताट हिसकावून घ्यायच्या. आता बोटं अशी वळली आहेत की पिठाची चिमूट सुटत नाही. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना दुसरं काही नको आहे. सकाळी दारात कोलम, इथली पिठाची रांगोळी, काढता आला पाहिजे, बस्स.

डॉक्टरचं नाव सहाना. तुझ्यापेक्षा लहान असेल. माणसाकडे न बघता संगणकाशी बोलते. म्हणाली, शरीराचे पहारेकरीच शरीरावर उलटले आहेत, त्यांच्या एका पलटणीला झोपवणारं औषध आहे, सलाईनमधून द्यायचं, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. इथवर ठीक. मग विचारते, "पाट्टी," म्हणजे आजी, "तुम्हाला कधी कावीळ झाली होती?"

अक्का म्हणाल्या, "नाही."

"घरात कोणाला लिव्हरचा आजार?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही."

हो, खोटं बोलले. खोटं बोलल्याबद्दल शाळेत सिस्टर अ‍ॅग्नेस आम्हाला चॅपलच्या दारात गुडघ्यांवर उभं करायच्या. पण सिस्टरना नवरा नव्हता. लिव्हर म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: किती प्यायचे? तुझे काका, श्रीहरी, गेले तेव्हा वॉर्डातल्या आयाने विचारलं, त्यांच्या बँकेतल्या साहेबाने विचारलं, तुझ्या आईने, म्हणजे माझ्याच पाठच्या बहिणीने, स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात विचारलं. जो माणूस खोकल्याचं औषध वासावरून परत पाठवायचा, त्याच्या तेराव्याला लोक एकमेकांकडे बघून माना हलवत होते. आठ वर्षं झाली. तो प्रश्न मी आता कोणाच्याही तोंडून ऐकून घेणार नाही.

अक्कांचं रक्त तपासलं. हिपॅटायटिस बी नाही, सी नाही. मग वंशावळ कशाला हवी? तू पुण्यात याच विषाणूंवर काम करतेस ना? सांग बघू. अठ्ठावीस तारखेला पहिलं सलाईन आहे.

आणखी एक तक्रार, घरची. तुळशीच्या कुंडीत एक तण उगवतं. चिंचेसारखी बारीक पानं, पानांच्या पोटाशी मण्यांसारखे दाणे. मी उपटते, अक्का परत लावतात. बोटांनी जमत नाही म्हणून हल्ली चमच्याने. आणि दर अमावास्येला उंबऱ्याबाहेर पेलाभर ताक ठेवतात. सकाळी पेला रिकामा. विचारलं तर म्हणतात, पाहुण्यासाठी. चौथ्या मजल्यावर कसला पाहुणा? मांजर असेल म्हणून मी सोडून देते.

पण क्षमा, आमच्या इमारतीत मांजर नाही.

तुझी मावशी
जयवंती


पुणे
११ जून २०२४

प्रिय मावशी,

नमस्कार. आईने सगळ्या नात्यात सांगून ठेवलंय की मी उंदरांना इंजेक्शनं देते. मी काय करते हे विचारणारी तू पहिलीच, तेही डॉक्टरवर रागावून.

हिपॅटायटिसचा विषाणू यकृतात राहतो, असं आपण शाळेत शिकलो. ते खरंच आहे. त्याचा मुख्य ठिय्या तिथेच. पण आम्ही रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे तुझ्या डॉक्टरने सांगितले ते पहारेकरी, उघडून बघतो, तेव्हा काहींच्या आत तोच सापडतो. सी प्रकारच्या विषाणूला त्यांच्या अंगावर एक कडी सापडते, ती धरून तो आत शिरत असावा. बी ज्या कडीने यकृताच्या पेशीत शिरतो, ती कडी पहारेकऱ्यांना नसते. तरीही तो त्यांच्यात असतो. चोराला गिळलं आणि चोर पोटात जिवंत राहिला, की कोणी वेगळंच दार उघडलं? मी बरीच वर्षं हेच शोधते आहे आणि अजून छातीठोकपणे सांगता येत नाही. आत गेल्यावर तो फारसं काही करत नाही. बसून असतो.

आजार बरा होतो, डोळ्यांतला पिवळेपणा जातो, तपासणीत "नाही" येतं. त्या "नाही"चा अर्थ इतकाच, की तो बाहेर हिंडताना दिसला नाही. यकृताच्या पेशींच्या गाभ्यात त्याची एक प्रत बहुधा जन्मभर राहते. जागे पहारेकरी तिला मान वर काढू देत नाहीत. आणि हे औषध नेमकं त्यांनाच झोपवतं. म्हणून डॉक्टर वंशावळ विचारते, मावशी. चौकशी चोंबडेपणाची नव्हती.

यासाठी रक्ताची आणखी एक तपासणी असते. ती विषाणूला शोधत नाही. तो पूर्वी कधी येऊन गेला होता का, याची खूण शोधते. तिला अँटी-कोर म्हणतात. डॉक्टरांना एवढंच विचार, ती केली का? तुम्ही दोघी "नाही" म्हणालात, म्हणून कदाचित राहून गेली असेल.

आणि तुझं ते तण. पानाखाली दाणे असलेलं. त्याला आपल्याकडे भुईआवळी म्हणतात, तुमच्याकडे कीळानेल्ली. मुळासकट वाटून ताकातून देतात.

मावशी, ती काविळीवर देतात. अक्कांना विचार, कोणाच्या काविळीवर?

क्षमा


वेलचेरी
१९ जून २०२४

चि. क्षमा,

विचारलं. शब्द पुरता तोंडातून बाहेर पडायच्या आत अक्कांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. त्या बोटांनी पेला धरवत नाही, पण माझं तोंड धरवलं.

"नांव नको घेऊं, जयवंती. नांव ऐकून तो परततो."

तंजावरच्या त्यांच्या मराठी घरात रीत होती म्हणे. तो आजार उतरला की डोक्यावरून तेल-पाणी घ्यायचं आणि त्या दिवसापासून त्याचं नाव सोडायचं. म्हणायचं "पाहुणा". घरातल्याला सांगायचं नाही, वैद्याला नाही, डॉक्टरला नाही. त्याची आठवण काढली नाही तर तो वाट विसरतो. आणि चुकून आलाच, तर उंबऱ्यावर त्याचं ताक ठेवलेलं असावं. ते पिऊन बाहेरच्या बाहेर जातो.

मी म्हटलं, "कोणाकडे आला होता पाहुणा?"

"घरीं."

"घरी म्हणजे कोणाला झालं होतं?"

"पोदुम," म्हणाल्या. पुरे. तमिळमध्ये बोलल्या की विषय संपतो.

त्यांच्या घरात अकरा माणसं होती. कोणालाही झालं असेल. त्यावरून मी डॉक्टरच्या दारात परत जाऊ? आधी नाही म्हटलं आणि आता हो? मग ती मला बसवून घेईल, घरात आणखी कोण, कसे गेले, आणि तो प्रश्न येईलच. नाही जमायचं. माझ्या नवऱ्याला यात ओढू नकोस.

मी शब्द उच्चारल्यापासून घरात काही ठीक नाही. अक्का आता रोज ताक ठेवतात. श्रीहरींची आरामखुर्ची त्यांनी फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली. का, ते सांगत नाहीत. मी तर्काने चालणारी बाई आहे, मला भूतबित दिसत नाही. पण जेवायला वाढताना हल्ली माझ्याकडून तीन ताटं काढली जातात आणि एक मी मुकाट्याने परत ठेवते.

"बसून असतो" हे तुझं वाक्य मला आवडलं नाही. विज्ञानाच्या लोकांनी असं लिहू नये.

जयवंती


पुणे
२३ जून २०२४

प्रिय मावशी,

काका प्यायचे का, हे मी विचारणार नाही, कारण मला उत्तर माहीत आहे.

ते प्यायचे नाहीत. काकांचं यकृत दारूने गेलेलं नव्हतं. माझा अंदाज आहे की ते याच विषाणूने गेलं. मला एवढंच सांग, तो पाहुणा आला तेव्हा काका खूप लहान होते का?

हा विषाणू मोठ्या मुलांच्या किंवा माणसांच्या अंगात शिरला, तर शरीर त्याच्याशी भांडतं. त्या भांडणात माणूस पिवळा पडतो आणि बहुतेक वेळा बरा होतो. पण तान्ह्या किंवा चिमुकल्या पोराचं शरीर त्याला परका म्हणून ओळखतच नाही. भांडण होत नाही, डोळे पिवळे होत नाहीत. सगळ्यांना वाटतं, याला काहीच झालं नाही. तोच त्याला जन्मभर घेऊन हिंडतो आणि पन्नाशी-साठीत यकृत संपतं. एकाच घरात, एकाच वेळी, दोन भावंडांचं असं होऊ शकतं.

तसं असेल तर अक्कांच्या आतही तो आहे, दबलेला. अठ्ठावीसच्या आधी ती दुसरी तपासणी कर. खूण सापडली तरी सलाईन रद्द होणार नाही. आधीपासून रोज एक गोळी घ्यायची, पहारेकरी झोपले तरी ती राखण करते. एक गोळी, मावशी. एवढंच.

कोणत्या हॉस्पिटलात जाता ते कळव. पाकिटावर तातडीचं लिहिते आहे.

क्षमा


वेलचेरी
१ जुलै २०२४

क्षमा,

तुझ्या पत्राची पहिली ओळ वाचली. पुढे वाचायची गरज वाटली नाही. तुला उत्तर माहीत आहे! तुझ्या आईने निदान आवाज खाली करून विचारलं होतं. तू तर न विचारता निकाल दिलास. शोभतेस हो तिची लेक.

काल आणि परवा तू केलेले फोन मीच ठेवले, नेटवर्कला दोष देऊ नकोस.

अक्कांना सलाईन दिलं. त्या खुर्चीत बसून डुलक्या घेत होत्या. काही झालं नाही.

जयवंती


(पोस्टकार्ड)

पुणे, ८ जुलै

मावशी, पहिल्या ओळीवर थांबू नकोस. दुसरी वाच. सलाईन दिलं असलं तरी उशीर झालेला नाही. बाकीचं कार्डावर लिहीत नाही, पोस्टमन आणि तुझे शेजारी दोघेही वाचतील. माझं पत्र फाडलं नसशील, मला माहीत आहे. तू तक्रारीचा कागद कधी फाडत नाहीस. — क्षमा


वेलचेरी
२० ऑगस्ट २०२४

क्षमा,

कार्ड मिळालं. खालच्या मजल्यावरच्या हरिप्रियाने आणून दिलं, मराठी येत नसल्याने ती हिरमुसली होती.

लिहिणार नव्हते. पण शुक्रवारी पहाटे दार उघडलं तर अक्का उंबऱ्याबाहेर बसलेल्या आणि समोर कोलम. नऊ टिंबांचा, वेलबुट्टीचा, एकही रेघ तुटलेली नाही. बोटं उघडली आहेत, क्षमा! दुसऱ्या सलाईननंतर महिन्याभरात. मला बघून त्यांनी दोन्ही हात लहान मुलीसारखे पुढे केले, पिठाने पांढरे झालेले. "बघ," म्हणाल्या, "माझे मला परत दिले." लिफ्टने वर आलेला दूधवाला पाय कुठे ठेवू म्हणून तसाच उभा राहिला.

तेव्हा तुझी शास्त्रं तुझ्याजवळ ठेव. तुझ्या शंकांवर विसंबले असते तर अक्का अजून चमच्याने जेवत असत्या. तुझं पत्र देवघराच्या फळीखाली आहे. फळी हलायची थांबली, एवढा त्याचा उपयोग झाला.

एकच गोष्ट सांगते, तिचा कशाशी संबंध नाही. ताकाचा पेला आता सकाळी भरलेलाच असतो. साय धरलेली असते. मी म्हटलं, "अक्का, पाहुणा रुसला वाटतं." मी थट्टा करत होते. त्या म्हणाल्या, "बाहेर नाहीं तो अत्तां. आंत आला असेल."

जयवंती


वेलचेरी
१७ ऑक्टोबर २०२४

क्षमा,

आठवडाभर अक्का जेवणाला नको म्हणत होत्या. वयाचं असेल म्हटलं. आज पावसाने उघडीप दिली म्हणून कोलम काढायला बसल्या. मी पिठाचा डबा द्यायला वाकले आणि त्यांनी वर पाहिलं. ऊन थेट तोंडावर होतं.

हे डोळे मी आठ वर्षांपूर्वी पाहिले आहेत. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर.

 अक्कांनी अर्धवट रेघ पुरी केली, हात झटकले आणि विचारलं, "आला ना?"

फळीखालून तुझं पत्र काढलं. दुसरी ओळ वाचली. पाकिटावर तातडीचं असं लिहायला काय झालं होतं, असं तुला सुनावणार होते. लिहिलं आहेस. लाल शाईने, दोनदा.

हे पत्र तुला पोचेल तेव्हा पोचेल. मी आता तुला फोन लावते आहे. मला ऐकू आलं नाही तरी तू बोलत राहा. टॅक्सी सांगितली आहे. डॉक्टरने जे विचारायचं ते विचारू दे.

मावशी


पुणे
१६ नोव्हेंबर २०२४

प्रिय मावशी,

चेन्नईहून परत येऊन चार दिवस झाले. तुझी विमानतळावरची शिदोरी पुरवून खाल्ली. सुरक्षा तपासणीत त्यांनी लोणच्याची बाटली काढून घेतली. त्या अधिकाऱ्याचं नाव लिहून आणायला हवं होतं, नाही का?

काल डॉ. सहानांशी बोलले. अक्कांचे आकडे उतरले आहेत. गोळी लागू पडली. आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर, असं त्या म्हणाल्या आणि वाक्य अर्धं सोडलं. तेही मी तुला सांगते आहे, कारण तुझ्यापासून काही लपवून मला परत तुझ्याशी भांडायचं नाही.

तू कॉफी आणायला खाली गेली होतीस तेव्हा अक्कांनी मला एक गोष्ट सांगितली. नाव न घेताच. त्या बारा वर्षांच्या होत्या, काका चार. गावात तापाची साथ होती. एक कंपाउंडर घरोघर इंजेक्शन द्यायला यायचा. सुई एकच, कढत पाण्यात बुडवायची आणि पुढच्या पोराला. अंगणात पोरं रांगेत उभी केली. आधी कोण, यावरून रडारड. अक्कांनी धाकट्या भावाला पुढे केलं नाही. आधी स्वतःचा दंड दिला, त्याला दिसावं म्हणून, की दुखत नाही. लगेच मागून तो. काही महिन्यांनी अक्का पिवळ्या पडल्या. आईने कीळानेल्ली वाटली, ताकातून दिली. म्हणाल्या, "श्रीहरीला काहींच झालें नाहीं. आम्ही म्हणालों, पाहुणा त्याला बघून दारावरून परतला. त्याच्या नांवाने आईने पायस केलें."

मग त्यांनी माझा हात धरला. सलाईन लावलेल्या हाताने. नंतर म्हणाल्या, "हें जयवंतीला तूं सांग. मी सांगितलें तर ती ह्यावर माझ्याशी बोलेल, आणि ह्यावर बोलणार नाहीं तेंच बरें."

मी तुला तिथे सांगितलं नाही, कारण तू त्यांचे पाय चेपत होतीस.

प्रयोगशाळेत परत बसले आहे. समोर नेहमीच्याच पेशी. पूर्वी त्यांच्यात तो सापडला की मी खूश व्हायचे, सापडला म्हणून. आता बघताना वाटतं, हा कोणाकडून कोणाकडे चालत आला असेल.

दोन गोष्टी राहिल्या. मी पोचायच्या आधी तू डॉक्टरांशी काय बोललीस ते तू सांगितलं नाहीस, त्यांनीही नाही. आणि विमानतळावर मी जे म्हणाले ते कर. तू छत्तीस वर्षं काकांची बायको होतीस. तुझंही रक्त तपासायला हवं. ती दुसरी तपासणी.

क्षमा


वेलचेरी
४ डिसेंबर २०२४

चि. क्षमा,

आशीर्वाद. वेलचेरीत तीन दिवस गुडघाभर पाणी होतं, पोस्टाची पेटी बुडाली म्हणून उशीर. महापालिकेला वेगळं पत्र लिहिलं आहे.

अक्का घरी आहेत. वाळून काडी झाल्या आहेत, पण डोळ्यांतला पिवळेपणा गेला. गोळी घेताना रोज तोंड वाकडं करतात आणि मी रोज त्यांना बोलते. तू सांगितलेली गोष्ट मी त्यांच्याकडे काढली नाही. एका पोरीने धाकट्या भावाची भीती जावी म्हणून आधी आपला दंड पुढे केला. यावर मी तिच्याशी काय बोलू? आणि नाव न घेण्यावरून तरी कोणत्या तोंडाने? डॉक्टरपुढे त्या गप्प राहिल्या तशी मीही राहिलेच की. त्यांनी निदान भावाला वाचवायला गप्प राहायचं ठरवलं होतं. खुर्ची मात्र मी भिंतीकडून फिरवून परत जागेवर ठेवली.

डॉक्टरचं विचारतेस. ऐक. अक्कांना आत नेल्यावर मी तिच्या टेबलासमोर उभी राहिले. बसा म्हणाली तरी बसले नाही. म्हटलं, "त्या दिवशी मी खोटं बोलले. माझा नवरा लिव्हरने गेला. दोन हजार सोळा साली. यांचा सख्खा भाऊ." आणि उभी राहिले. आठ वर्षं तयार ठेवलेली उत्तरं होती माझ्याकडे. खोकल्याच्या औषधाचं, बँकेच्या पार्टीतल्या लिंबाच्या सरबताचं, सगळं. तिने पहिल्यांदाच संगणकावरून नजर काढली.

म्हणाली, "त्यांची हिपॅटायटिसची तपासणी कोणी केली होती का?"

मी म्हटलं, "नाही. कोणीच नाही."

"अरेरे," म्हणाली ती. "करायला हवी होती. गोळ्यांनी बरीच वर्षं मिळाली असती."

बस्स. इतकंच. तो प्रश्न तिने विचारलाच नाही. त्याला अडवायला मी इतकी वर्षं दारात काठी घेऊन उभी होते, आणि तो त्या रस्त्याने येणारच नव्हता. मग मी बसले. तिने मला पाणी दिलं. चांगली आहे पोरगी. संगणकाशी बोलायची सवय मात्र मोडायला हवी, तसं तिला सांगितलं आहे.

तुझ्या आईला मी पत्र टाकलं. चार ओळींचं. "श्रीहरी हिपॅटायटिसने गेले. लहानपणी सुईतून आला. ते प्यायचे नाहीत. हे सगळ्यांना सांग, तुला सांगायची सवय आहे." तिचा फोन आला. नुसती रडत होती. ते मला स्वच्छ ऐकू आलं.

आता माझं. तपासलं. विषाणू दिसत नाही. खूण आहे. तुझ्या भाषेत, येऊन गेलेला. डॉक्टर म्हणाली, काळजी करू नका, शरीराने त्याला कधीच दाबून टाकलंय, लग्नानंतरच्या वर्षांत कधीतरी एखादा ताप आला असेल, तुम्हाला कळलंही नसेल. तसा एक आला होता. मी माहेरी नागपूरला होते, उन्हाचा म्हणून कांद्याचा रस चोळला होता. फक्त यापुढे पहारेकऱ्यांना झोपवणारं औषध कोणी देऊ केलं तर आधी सांगायचं. मी म्हटलं, आता सांगेन. सगळ्यांना सांगेन. नाव घेऊन सांगेन.

मी तिला विचारलं, "म्हणजे तो अजून आत आहे?"

म्हणाली, "अगदी थोडासा. बहुधा असेल. बसून."

बघ, तिनेही तोच शब्द वापरला. या वेळी मला तो लागला नाही.

तुझे काका मला न विचारता काही द्यायचे नाहीत. साडी आणायची तर रंग विचारायचे, गजरा आणायचा तर फूल विचारायचे. शेवटी शेवटी पाणी मागायचं तरी "तुला वेळ आहे का?" म्हणून विचारायचे. मी चिडायचे. छत्तीस वर्षांत न विचारता त्यांनी मला एवढंच दिलं, तेही त्यांना ठाऊक नसताना. ते गेल्यापासून मी या घरात त्यांना खुर्चीत शोधते आहे, कपाटात शोधते आहे, तिसऱ्या ताटावर शोधते आहे. कुठे आहेत ते आता कळलं.

अक्कांना रिपोर्ट दाखवला. वाचायला चष्मा लावला नाही, तोंडाकडे बघूनच समजल्या. "तुझ्याकडेही?" म्हणाल्या. मी म्हटलं, "हो." त्यावर त्यांनी पदराने माझा चेहरा पुसला. मी रडत नव्हते, पण पुसला.

शनिवारी अमावास्या लागली. बाहेर पाऊस, खाली पाणी, दिवे गेलेले. अक्कांनी ताक घुसळलं. बोटं पुन्हा थोडी वळू लागली आहेत, म्हणून पेला मी धरला. दाराकडे निघाले तर म्हणाल्या, "बाहेर नको, जयवंती. बाहेर कोण आहे अत्तां?" आम्ही पेला आत ठेवला, आरामखुर्चीच्या हातावर, जिथे श्रीहरींचा चष्मा असायचा.

कुंडीतलं तण मी आता उपटत नाही.

सकाळी पेला रिकामा होता. दार रात्रभर आतून बंद होतं, आणि मांजराबद्दल मी तुला लिहिलंच आहे.

तुझी मावशी
जयवंती